सायकलस्वाराच्या घरातलं लोखंड

मे महिना संपत आला की एकच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकू येतो. आता पावसात राइड कमी होणार, तर घरी थोडी वजनं घ्यावीत म्हणतोय, काय घेऊ? विचारणारा बहुधा सिंहगडाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर भेटलेला असतो. प्रश्नासोबत तो मोबाइलवर एक फोटोही दाखवतो. ५० किलोचा ‘होम जिम सेट’, त्यात चार मापांच्या काळ्या प्लेट्स, दोन छोटे रॉड, एक वाकडा रॉड, हातमोजे, उड्यांची दोरी आणि वर एक बॅग. माझं उत्तर ठरलेलं आहे. तो सेट घेऊ नका. त्यापेक्षा कमी वस्तू घ्या, पण खऱ्या लोखंडाच्या घ्या, आणि आज झेपतं त्याच्या दुपटीपर्यंत वाढवता येतील अशा घ्या.

असं का म्हणतो, ते समजायला थोडं गणित करावं लागेल. ९० च्या कॅडन्सनं, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्या मारत, तासभर सायकल चालवली की पाय ५,४०० फेऱ्या मारतात. तीन तासांच्या रविवारच्या राइडमध्ये सोळा हजारांवर. आता प्रत्येक फेरीला जोर किती लागतो? १७० मिलिमीटरचा क्रँक, ९० ची कॅडन्स आणि १५० वॅटची ताकद धरली, तर दोन्ही पायांचा मिळून पेडलवरचा सरासरी जोर साडेनऊ किलोच्या आसपास येतो. पाय खाली जातानाच्या एका क्षणी तो दुपटी-अडीचपटीपर्यंत चढतो, त्यापुढे क्वचितच. थोडक्यात, हलका जोर हजारो वेळा लावायचं काम सायकल आपल्याकडून रोज करून घेतच असते. मग घरी येऊन दोन-दोन किलोचे रंगीत डंबेल घेऊन पन्नास-पन्नास आवर्तनं कशाला करायची? सायकलवर जे कधीच होत नाही ते घरी व्हायला हवं. म्हणजे मोठं वजन, थोड्या वेळा, पूर्ण ताबा ठेवून.

नॉर्वेतले संशोधक बेंट रोनेस्टॅड यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगले तयारीचे सायकलस्वार घेतले होते. काहींनी नेहमीच्या सायकलिंगच्या जोडीला १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा पायांचे जड व्यायाम केले. बाकीच्यांनी फक्त सायकल चालवली. नंतर सगळ्यांना तीन तासांहून थोडी जास्त सायकल चालवायला लावून शेवटची पाच मिनिटं जीव तोडून पळवायला सांगितलं. त्या पाच मिनिटांत वजनं उचललेल्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. ज्यांनी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्स, केल्यात त्यांना या पाच मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, ३०० ला वीस. वेळ हातातून निसटतो तो बहुतेक शेवटच्या टप्प्यात, एखाद्या घाटाच्या तोंडाशी.

दुसरं कारण हाडांचं. सायकलवर शरीराचा भार सीट, हँडल आणि पेडल वाटून घेतात. धावताना हाडांना जो दणका बसतो तो इथे बसत नाही. गुडघ्यांना हे सुखाचं असलं तरी हाडांना ते पुरत नाही. वर्षानुवर्षं फक्त रोडबाइक चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते, हे अनेक तपासण्यांत दिसलेलं आहे. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांनी तर हे फार गांभीर्यानं घ्यावं, कारण पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज आधीच वेगानं होत असते. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू सलग सात-आठ तास न कुरकुरता सायकल चालवतात, पण गॅसचा सिलिंडर जागचा हलवताना त्यांना मुलाला हाक मारावी लागायची. हा विरोधाभास आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगात आहे.

आता खरेदीकडे वळू. पहिली वस्तू म्हणजे डंबेलचे दोन रॉड आणि त्यांवर चढवायच्या लोखंडी प्लेट्स. पक्क्या वजनाचे डंबेल दिसायला छान असतात, पण ७.५ किलोची जोडी महिन्याभरात हलकी वाटायला लागते, मग दहाची, मग साडेबाराची. घरात रांग लागते आणि पैसेही तितकेच जातात. रॉड आणि प्लेट्स घेतल्या की तीच जोडी वर्षभर वाढत जाते.

माझी यादी अशी: १६ इंची दोन रॉड, ५ किलोच्या चार प्लेट्स, २.५ किलोच्या चार आणि १.२५ किलोच्या चार. प्लेट्सचं वजन ३५ किलो. ते दोन्ही रॉडवर सारखं वाटलं तर प्रत्येक डंबेल रॉड धरून एकोणीस किलोच्या आसपास जातो. सगळ्या प्लेट्स एकाच रॉडवर चढवल्या तर एकच डंबेल पस्तिशीच्या पुढे जातो आणि छातीशी धरून बैठका मारायला तेवढा पुष्कळांना वर्षभर पुरतो. १.२५ च्या प्लेट्स कुणी घेत नाही, दुकानदारही सुचवत नाही. पण वजन वाढवायचं ते यांच्याच जोरावर. दोन्ही बाजूंना एकेक लावली की डंबेलचं वजन अडीच किलोनं वाढतं. त्या नसल्या की एकदम पाच किलोची उडी मारावी लागते आणि बहुतेकांची पाठ तिथेच धरते.

प्लेट्स लोखंडीच का, हे मी पदरमोड करून शिकलो. माझा पहिला सेट प्लॅस्टिकचा होता. बाहेर काळं पीव्हीसीचं कवच आणि आत सिमेंट-वाळूचं मिश्रण. दोन आठवड्यांनी उजव्या हाताचा डंबेल मनगटात फिरतोय असं सारखं वाटायला लागलं. तंत्र चुकतंय म्हणून आरशासमोर उभा राहिलो, बाजू बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी ‘५ किलो’ असं छापलेल्या दोन प्लेट्स पिशवीत घालून खालच्या किराणा दुकानात गेलो आणि त्याच्या काट्यावर ठेवल्या. एक भरली ४ किलो ७६० ग्रॅम, दुसरी ४ किलो ४१०. एकाच रॉडच्या दोन टोकांना साडेतीनशे ग्रॅमचा फरक! पुढे त्यातली एक प्लेट फरशीवर जरा जोरात टेकली आणि कडेला केसाएवढी भेग गेली. त्यानंतर ती जिथे ठेवावी तिथे राखाडी भुकटीचं वर्तुळ उमटायचं.

शिवाय ओतीव लोखंडाची घनता त्या मिश्रणाच्या जवळपास तिप्पट असते. म्हणून पीव्हीसीची पाच किलोची प्लेट गलेलठ्ठ होते, रॉडवर प्रत्येक बाजूला दोन-तीन चढवल्या की नट लावायला जागा उरत नाही. म्हणजे कागदावर ५० किलोचा सेट आणि प्रत्यक्षात एका हाताला त्यातलं थोडंच वजन चढवता येतं. सेटची किंमत कमी दिसते ती आतल्या या मिश्रणामुळे.

लोखंडी प्लेट्सही अगदी काट्यावर बेतलेल्या नसतात. मेरठ आणि जालंधर ही आपल्याकडच्या क्रीडासाहित्याची मोठी केंद्रं, पण दोन ओतकामांत थोडा फरक पडायचाच. त्याला उपाय सोपा आहे. घरी आणल्यावर एकदा सगळ्या प्लेट्स मोजा, जवळच्या वजनांच्या जोड्या लावा आणि जोडीच्या मागे नेलपेंटचा सारखा ठिपका द्या. मापाच्या बाबतीत मात्र दुकानातच डोळे उघडे ठेवा. साध्या रॉडची जाडी कुठे २५ मिलिमीटर असते तर कुठे २८, आणि ऑलिंपिक पद्धतीच्या प्लेटचं भोक ५० चं. रॉड एका ठिकाणचा आणि प्लेट्स दुसरीकडच्या असं करू नका. दुकानात स्वतः प्लेट चढवून, नट आवळून, डंबेल हलवून बघा. खडखडला तर परत ठेवा. चक्रीसारख्या नटाच्या आत रबराची रिंग असते, ती आहे ना ते तपासा. रिंग नसलेला नट हालचालीत सैल होत जातो. रिंग असली तरी प्रत्येक सेटआधी नटाला एक पीळ द्या. डंबेल डोक्यावर नेताना प्लेट सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

चकती फिरवून वजन बदलणारे डंबेलही मिळतात. वेळ वाचतो, जागा वाचते. मला ते पटत नाहीत. आतली यंत्रणा नाजूक असते, एकदा आपटलं की दुरुस्ती कुठे करायची हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या पैशात लोखंडाचा अख्खा ढीग येतो. ज्यांना दोन व्यायामांच्या मध्ये प्लेट्स बदलायचा खरंच कंटाळा आहे आणि ऐपतही आहे, त्यांनी घ्यावेत.

दुसरी वस्तू, केटलबेल. एकच घ्या, पण थोडी जडच घ्या. यापूर्वी वजनं न उचललेल्या बाईनं १२ किलोची, पुरुषानं १६ किलोची. डंबेल असताना ही कशाला? कारण हिचं वजन मुठीच्या खाली लोंबतं, दोन्ही हातांनी धरता येतं, आणि खुब्यातून वाकायची सवय हिच्याइतकी चांगली दुसरं काही लावत नाही. सायकलवर आपण तासन् तास पुढे वाकलेले असतो, पण तो वाक बहुधा कंबर गोल करून आलेला असतो. केटलबेल दोन पावलांच्या मध्ये ठेवायची, पाठ सरळ ठेवून ढुंगण मागे न्यायचं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर भार घेत उभं राहायचं. ही एक क्रिया नीट बसली की २०० किलोमीटरनंतर कमरेत येणारी कळ कमी होते, हा माझा अनुभव आहे.

केटलबेल निवडताना हँडलच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा. ओतकामाच्या दोन साच्यांची कड तिथे उरलेली असेल तर ती तळहात सोलते. हँडलमध्ये दोन्ही हातांची बोटं शेजारी-शेजारी मावतात का ते बघा. प्लॅस्टिकचं जाड आवरण आणि आत सिमेंट असा प्रकार इथेही आहे, तो टाळा.

तिसरी वस्तू कुणी यादीत धरतच नाही. ती म्हणजे जमिनीवरचं रबर. फ्लॅटमध्ये राहणारे मला विचारतात, एवढं वजन स्लॅबला झेपेल ना? भारतीय मानकांप्रमाणे घरातल्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापराचा भार धरून आखलेला असतो. कोपऱ्यात ठेवलेल्या ५०-६० किलोंनी त्याला काही होत नाही. फुटते ती टाइल, विशेषतः जिच्याखाली पोकळी राहिली आहे ती. बोटानं टकटक करून बघा, पोकळ टाइलचा आवाज लगेच ओळखू येतो. वजनं ठेवायची जागा तिथून दूर ठेवा. १५ ते २० मिलिमीटर जाडीचं घट्ट जिम-रबर चार बाय सहा फुटांचं पुरतं. एकमेकांत अडकणारे रंगीत फोमचे तुकडे नकोत. वजन घेऊन त्यांवर उभं राहिलं की पाय गादीत रुतल्यासारखे होतात आणि घोटा डगमगतो. याच कारणासाठी जाड तळव्याचे रनिंग शूज घालूनही वजनं उचलू नका. अनवाणी बरं, किंवा सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट. आणि खाली कुणाचं तरी छत आहे हे लक्षात ठेवून डंबेल टेकवायची सवय लावा, टाकायची नाही.

एवढ्यावर सहा महिने सुखानं निघतात. बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात सांगतो. लांब रबर बँड एखादा घ्यावा, खांदे मोकळे करायला आणि वॉर्म-अपला तो उत्तम आहे. वजनाची जागा मात्र तो घेत नाही, आणि उन्हात ठेवला की चिरतो. बेंच लगेच लागत नाही. जमिनीवर आडवं होऊन डंबेल वर ढकलता येतात, खांद्यालाही ते सोसवतं. बेंच घ्यायचाच तर घडीचा नको, सपाट आणि न डुगडुगणारा घ्या. त्याच्यावर लिहिलेल्या क्षमतेत तुमचं वजन आणि हातातलं वजन दोन्ही धरायचं असतं. स्टेप-अपसाठी इमारतीच्या जिन्याच्या दोन पायऱ्या पुरेशा उंच असतात. प्लॅस्टिकच्या स्टुलावर वजन घेऊन कधीही चढू नका.

पुल-अप बारबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण त्यानं झालेल्या दुखापती पाहिल्या आहेत. दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा बार आपल्याकडच्या सनमायका लावलेल्या किंवा ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीत घसरतो. भिंतीत बोल्ट मारून बसवायचा असेल तर आधी भिंत कशाची आहे ते विचारा. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. माणूस लटकला की ठोकळ्याचा भुगा होऊन बोल्ट बाहेर येतो. आरसीसीची बीम किंवा कॉलम सापडला तरच बार बसवा, नाहीतर सोडून द्या. एका हातानं डंबेल कमरेकडे ओढायचा ‘रो’ पाठीला पुरेसं काम देतो.

बारबेल? मोठा ऑलिंपिक रॉड नुसताच २० किलोचा आणि २.२ मीटर लांबीचा असतो. वन बीएचकेमध्ये तो फिरवायचा कुठे, हाच पहिला प्रश्न. जागा असेल, डंबेल संपत आले असतील, तर जरूर घ्या आणि सुरुवात डेडलिफ्टनं करा, कारण त्याला स्टँड लागत नाही. पाठीवर रॉड घेऊन बैठका मारायच्या तर दोन्ही बाजूंना रॉड अडवणारे मजबूत आडवे दांडे असलेला स्टँड हवाच. घरात एकट्यानं त्याशिवाय ते करू नये.

आपल्याकडे तालमीत मुद्गल, करेल फिरवत आणि शेकड्यांनी जोर-बैठका मारत पिढ्या तयार झाल्या. कुणाला त्या वळणानं जायचं असेल तर खांद्यांना मुद्गलासारखं साधन नाही. मात्र बैठकांचं तसं नाही. शंभर बैठका मारणाऱ्या सायकलस्वाराचे पाय सायकलनं आधीच शिकवलेलंच पुन्हा शिकतात. त्याच बैठका वजन धरून आठच मारल्या तर पायांना नवीन काही कळतं.

वापरायचं कसं, तेही थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय खरेदीचा अंदाज येत नाही. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटं. छातीशी वजन धरून बैठक, खुब्यातून वाकून वजन उचलणं, एक पाय मागे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, रो, डोक्यावर किंवा जमिनीवरून प्रेस, पायरीच्या कडेवर उभं राहून पोटऱ्या, आणि शेवटी एका हातात जड डंबेल घेऊन घरभर सरळ चालणं. पहिले तीन-चार आठवडे दहा-बारा आवर्तनं होतील असं वजन घ्या, नंतर सहा ते आठ. सेट संपला तेव्हा अजून दोन आवर्तनं अंगात शिल्लक असावीत. जड दिवस शनिवारी आणि मोठी राइड रविवारी असं करू नका, पाय दगड होतात. नोव्हेंबरात नव्या बीआरएमचं वर्ष सुरू झालं की आठवड्यातून एकदा उचललं तरी कमावलेलं टिकतं. वजनं उचलून अंग वाढेल आणि घाटात जड जाईल, ही भीती मनातून काढून टाका. आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल चालवणाऱ्याचं अंग दोन दिवसांच्या व्यायामानं फुगत नाही. रक्तदाब, हर्निया, मणक्याची चकती सरकलेली किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि कुणीही जोर लावताना श्वास कोंडून धरू नका.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. बाल्कनीत ठेवलेलं लोखंड जुलैत तांबूस होतं, मुंबईत आणि कोकणात तर आठवड्यात. वजनं आतल्या खोलीत, भिंतीपासून जरा सुटी ठेवा, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. मुठीच्या जागी तेल लावू नका. घरात लहान मूल असेल तर वजनं कायम जमिनीवर असावीत, फळीवर किंवा टेबलावर कधीच नाही.

आणि पैसे फार जातील असं वाटत असेल तर बंद पडणाऱ्या जिमवर लक्ष ठेवा. तिथलं लोखंड किलोच्या भावानं निघतं. वापरलेली सायकल घेताना फ्रेम, बेअरिंग, चेन सगळं तपासावं लागतं, वापरलेल्या प्लेटला तडा गेलेला नाही एवढं पाहिलं की झालं.

त्याआधी एक करा. आज संध्याकाळी पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरा, ती छातीशी कवटाळा आणि खाली जाताना तीन आकडे मोजत आठ बैठका मारा. दोन आठवडे, आठवड्यातून दोनदा. एवढं सलग जमलं, तर तिसऱ्या रविवारी राइडवरून परत येताना दुकानात जा.